दहा नाण्यांचा एक पौंड

डुलुथच्या बंदरात, धान्याच्या कोठारावर
रेइनो कांगास एकतीस वर्षं काट्यापाशी बसला.
ट्रक भरून आला, रिकामा गेला,
मधली वजाबाकी म्हणजे गहू.
गुंजभरही खोटं कधी लिहिलं नाही त्यानं.
आता निवृत्त आहे, आणि दर गुरुवारी
त्याच्या तळघरात आम्ही राक्षस मारतो.

जुन्या नियमपुस्तकात तलवार साठ नाण्यांची.
दहा नाण्यांचा एक पौंड, म्हणजे सहा पौंड.
रेइनोला ते पचेना.
"सहा पौंड? माणूस मारायचाय की खुंट्या ठोकायच्यात?"
त्यानं संग्रहालयांना पत्रं धाडली.
उत्तरं आली: अडीच. पावणेतीन.
दोन हातांनी पेलायची, छातीला लागणारी,
तीसुद्धा जेमतेम सहा.
मग एका लोहाराकडून बोथट तलवार घडवून आणली
आणि पिठाच्या काट्यावर आडवी ठेवली.
काटा कसाबसा हलला.
मार्लिस म्हणाली, माझा बिडाचा तवा
याहून जड आहे.

तलवारी हलक्या झाल्या. आम्हाला वाटलं, चंगळ झाली.
पण रेइनोच्या हाताला आता चटक लागली होती.
पन्नास फूट दोर. ओला दोर निराळा.
तेल, मशाली, सात दिवसांचं सुकं मांस,
पाणी (पाण्यावर वाद नको, पाणी ते पाणी).
चिलखत अंगात असेल तर एक आकडा,
घडी करून पाठीवर असेल तर दुसरा,
कारण अंगात ते वाटून बसतं
आणि पाठीवर नुसतंच बसतं.
माझा चोर सोन्याची मूर्ती घेऊन निघाला
तर यानं कानावरची पेन्सिल काढली:
"एकशे चाळीस. तू आता कासव."
मी म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला,
तिचं वजन तेवढं राहिलं तुझ्या तक्त्यात.
"लिहू?" म्हणाला.

जानेवारीत, शेवटचं खनिजाचं जहाज
भोंगा देऊन गेलं त्या रात्री,
आर्ने टोफ्टेचा सरदार विषानं पडला.
तिसऱ्या तळावर, दाराला पाणी लागलेलं.
त्याला वर न्यायचं तर काय काय टाकायचं?
तक्त्यात मेलेल्या सोबत्याचा रकानाच नव्हता.
मार्लिस वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
ती म्हणाली, जिवंत माणूस उचलताना मदत करतो,
निपचित पडलेला करत नाही,
हे कुठल्या नियमात बसवाल?
"करून बघू," रेइनो म्हणाला,
आणि न्हाणीघरातला काटा घेऊन आला.

आधी एकटा उभा राहिला.
मग आर्नेला पाठुंगळी घेऊन.
आर्ने हसत होता, दोन्ही हात लोंबकळत सोडून,
मेल्याचं सोंग मनापासून वठवत.
दोन स्वेटर, वर लोकरीचं जाकीट.
शिकारीच्या दिवसांत दोनशेचा गडी होता तो.
भरलेला वजा रिकामा.
रेइनो काट्याकडे बघत राहिला,
जरा जास्तच वेळ.
मग म्हणाला, "एकशे नव्वद."
मार्लिस त्याच्या शेजारीच वाकली होती.
ती म्हणाली, "बरोबर."
त्यानं तसंच लिहिलं.

मी मूर्ती टाकली. दोर टाकला, तेलही.
आर्ने ओरडला, मूर्ती कशाला, गाढवांनो,
मी मेलोय, मला टाका!
मेलेल्यांनी बोलायचं नसतं,
रेइनोनं त्याला गप्प केलं, आणि फासे टाकले.
एका चौकोनाला एक खेळी, अशा वेगानं
आम्ही त्याला दुसऱ्या तळापर्यंत आणलं.
मशाल एकच उरली होती. तिथं थांबलो.

आर्नेला गाडीपर्यंत कुणी सोडायचं
यावर कुणी काही बोललं नाही,
सगळेच निघाले.
तळघराच्या जिन्याला चौदा पायऱ्या.
तो चौथीवर थांबला, मग सातवीवर,
मग भिंतीवरचं एक चित्र बघतोय असं दाखवत
अकरावीवर.
रेइनो खाली उभा होता,
पेन्सिल कानावर, हातात काहीच नाही.